आवाज नेमका कोणाचा?
चंद्रपूर-गडचिरोलीत ध्वनिमापनाचा प्रश्न यंत्रापेक्षा पार्श्वभूमीत अधिक अडकला आहे

खास प्रतिनिधी

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला, ऊर्जानगर-दुर्गापूरच्या परिसरात रात्री दहानंतर थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. कानावर पडणारा आवाज एक नसतो, तो अनेक आवाजांचा गोळा असतो. औष्णिक विद्युत केंद्राच्या प्रचंड पंख्यांचा घोष, शीतकरण मनोऱ्यांतून कोसळणाऱ्या पाण्याचा सततचा खळखळाट, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची खरखर, खाणीतील डंपर मागे येताना वाजणारे भोंगे, मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाहने आणि या सर्वांच्या तळाशी रातकिड्यांची अखंड किरकिर. अशा ठिकाणी एखाद्या रहिवाशाने तक्रार केली, अधिकारी मापक घेऊन आले आणि पडद्यावर आकडा उमटला, तर तो आकडा कोणाच्या नावावर लिहायचा? वीज केंद्राच्या, खाणीच्या, रस्त्याच्या, की निसर्गाच्या?

वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो जबाबदारीचा प्रश्न आहे. आवाज कोणाचा हे ठरत नसेल, तर तो कमी कोणी करायचा हेही ठरत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या शेजारच्या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाची दोन अगदी विरुद्ध रूपे पाहावयास मिळतात. पहिल्या जिल्ह्यात पार्श्वभूमीचा आवाज एवढा मोठा आहे की दोषी त्यात लपून जातो. दुसऱ्यात तो एवढा कमी आहे की लहानसे यंत्रही रात्रभर ऐकू येते. मात्र कायद्याच्या तक्त्यात त्या शांततेला स्वतंत्र किंमत नाही.

मोजला न गेलेला प्रदूषक

चंद्रपूरच्या प्रदूषणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९च्या डिसेंबरमध्ये देशातील औद्योगिक परिसरांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आले होते. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद हे तेवढे पुढे होते. हा निर्देशांक मात्र हवा, पाणी आणि जमीन या तीन घटकांवरच आधारलेला होता. ध्वनी त्यात नव्हताच. राष्ट्रीय परिवेशी ध्वनिनिरीक्षण जाळे २०११ साली सुरू झाले, तेही मुंबईसह सात महानगरांपुरते. थोडक्यात, ज्या जिल्ह्यात २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी, गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यातील सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह जंक्शन एकवटले आहे, तेथील आवाजाचा ताळेबंद तुकड्यातुकड्यांनीच मांडला जातो.

नियम नाहीत असे मात्र नाही. १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित झालेल्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियमांनी चार प्रकारचे परिसर ठरविले. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४०. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस, उरलेली रात्र. आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक असेल तर नागरिकाला तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

हे सारे आकडे 'परिवेशी' म्हणजे परिसरातील एकूण आवाजाचे आहेत. परिसरात एकच मोठा स्रोत असेल तर अडचण येत नाही. पाच-सहा स्रोत एकाच वेळी चोवीस तास चालू असतील तर एकूण आकडा मर्यादेबाहेर गेला तरी प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवू शकतो. आणि यात लबाडीच असते असेही नाही. अनेकदा कोणालाच खरे उत्तर ठाऊक नसते.

वजाबाकीची मर्यादा

पार्श्वभूमीचा आवाज वगळण्याची रूढ पद्धत साधी आहे. यंत्र चालू असताना एकदा मोजायचे, यंत्र बंद करून दुसऱ्यांदा मोजायचे आणि दोहोंची वजाबाकी करायची. येथे पहिली मेख अशी की डेसिबल हे परिमाण लघुगणकी आहे. ७२ आणि ७२ मिळून १४४ होत नाहीत, ७५ होतात. म्हणजेच ऊर्जा दुप्पट झाली तर आकडा फक्त तीनने वाढतो. म्हणून वजाबाकीही साध्या अंकगणिताने करून भागत नाही.

पार्श्वभूमी यंत्राच्या आवाजापेक्षा १० डेसिबलने खाली असेल तर तिच्यामुळे एकूण आकड्यात अवघी ०.४ डेसिबलची भर पडते. ती सोडून दिली तरी चालते. अडचण सुरू होते ती दोन्ही आकडे जवळ आल्यावर. समजा, यंत्र चालू असताना ७५ डेसिबल आणि बंद असताना ७२ डेसिबल मोजले गेले. हिशेबाने यंत्राचा स्वतःचा आवाज ७२ डेसिबल येतो. आता पार्श्वभूमी खरोखर ७१ असेल तर यंत्राचा आकडा ७२.८ होतो आणि ती ७४ असेल तर ६८.१ वर उतरतो. मधल्या काळात रस्त्यावरून चार ट्रक जास्त गेले, वारा थोडा फिरला, एवढ्याने निष्कर्ष पावणेपाच डेसिबलने बदलला. कारखान्याला दोषी ठरवायला किंवा दोषमुक्त करायला एवढा फरक पुरेसा आहे. म्हणूनच यंत्रांची ध्वनिशक्ती ध्वनिदाबावरून ठरविण्याची आंतरराष्ट्रीय मानके पार्श्वभूमी किमान ६ डेसिबलने आणि शक्य तर १५ डेसिबलने खाली असावी, असा आग्रह धरतात.

दुसरी मेख व्यवहारातली आहे. यंत्र बंद करा, असे म्हणणे सोपे. ५०० मेगावॉटचा संच केवळ आवाज मोजण्यासाठी कोणी बंद करणार नाही, आणि तो एक संच बंद केला तरी शेजारचे संच चालूच राहणार. सिमेंटच्या भट्टीचेही तेच. चंद्रपूरसारख्या ठिकाणी 'यंत्र बंद असतानाची पार्श्वभूमी' ही बहुतेक वेळा कागदावरचीच गोष्ट ठरते.

दोन मायक्रोफोनांची युक्ती

या पेचातून मार्ग काढण्यासाठी ध्वनिशास्त्राने वेगळाच विचार केला. नेहमीचा ध्वनिमापक हवेतील दाबाचे चढउतार मोजतो. दाबाला दिशा नसते. त्यामुळे समोरच्या पंप्याचा आवाज आणि पाठीमागच्या रस्त्याचा आवाज मापकाच्या लेखी सारखेच. ध्वनितीव्रतेला मात्र दिशा असते. एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती ध्वनिऊर्जा कोणत्या बाजूला वाहते आहे, हे ती सांगते. तलावातील पाण्याची पातळी मोजणे आणि कालव्यातील प्रवाह मोजणे यांत जो फरक, तोच दाब आणि तीव्रता यांत.

हा प्रवाह मोजण्यासाठी अगदी जुळणारे दोन मायक्रोफोन समोरासमोर, मध्ये छोटा ठोकळा ठेवून बसवितात. त्या जोडीलाच प्रोब म्हणतात. दोन्ही ठिकाणच्या दाबाच्या सरासरीवरून त्या जागेचा दाब कळतो, दोहोंतील फरकावरून हवेच्या कणांचा वेग काढता येतो, आणि दोहोंच्या गुणाकारातून तीव्रता मिळते. या कल्पनेवर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीसच अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी काम केले होते. ती प्रत्यक्षात वापरण्याजोगी झाली ती १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अंकीय विश्लेषक यंत्रे हाती आल्यावर. ब्रिटनमधील फ्रँक फाही आणि अमेरिकेतील जे. वाय. चुंग यांची नावे या संदर्भात घेतली जातात. पुढे १९९३ साली या उपकरणांसाठी आयईसी ६१०४३ हे आणि मोजणीच्या पद्धतीसाठी आयएसओ ९६१४ या मालिकेतील पहिले मानक आले. १९९६ आणि २००२ साली तिचे पुढचे भाग प्रसिद्ध झाले.

या पद्धतीतील खरी गंमत पुढे आहे. ज्या यंत्राचा आवाज मोजायचा त्याच्याभोवती एक काल्पनिक पेटी कल्पायची आणि प्रोब त्या पेटीच्या सर्व बाजूंवरून संथपणे फिरवायचा. आतल्या यंत्राचा आवाज पेटीतून बाहेरच जाणार. बाहेरच्या स्रोताचा आवाज एका बाजूने आत शिरणार आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडणार. आत येणारा उणे, बाहेर जाणारा अधिक. बेरीज केली की परका आवाज शून्य होतो आणि उरतो तो केवळ यंत्राचा स्वतःचा. शेजारचे यंत्र बंद करण्याची गरज उरत नाही. परिस्थिती अनुकूल असेल तर पार्श्वभूमी यंत्रापेक्षा साधारण १० डेसिबलने मोठी असतानाही यंत्राची ध्वनिशक्ती भरवशाने काढता येते. साध्या मापकाने जेथे हात टेकले असते, तेथे ही पद्धत काम सुरू करते.

चंद्रपूरच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. एका ओळीत उभ्या असलेल्या पंख्यांपैकी नेमका कोणता जास्त ओरडतो, जनित्राच्या आवरणाच्या कोणत्या फटीतून आवाज गळतो, पट्ट्याच्या कोणत्या टोकाला आच्छादन हवे, हे सारे संयंत्र चालू ठेवून सांगता येते. १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनित्रांना २००५ पासून आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. गजबजलेल्या आवारात ती पाळली जाते की नाही याचा निवाडा करण्यासाठीही हा मार्ग उपयोगी पडतो.

पार्श्वभूमी सूड उगवते

तरीही प्रोब आणला म्हणजे पार्श्वभूमीचा प्रश्न मिटला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. परका आवाज शून्य होतो, तो काही अटींवर.

पहिली अट स्थैर्याची. आत येणे आणि बाहेर जाणे हे एकाच क्षणी मोजले जात नाही. माणूस प्रोब घेऊन पेटीभोवती फिरतो; मानकानुसार त्याचा वेग सेकंदाला १० ते ५० सेंटिमीटर एवढाच असावा लागतो. पहिली बाजू मोजताना शेजारून मालगाडी गेली आणि दुसरी बाजू मोजताना ती निघून गेलेली असेल, तर अधिक-उणे जुळणार कसे? सतत घुमणारा पंखा या पद्धतीला चालतो. येणारे-जाणारे डंपर, शिट्टी देणारे इंजिन आणि खाणीतील सुरुंग चालत नाहीत. कोळसा खाणीशेजारी मोजणी करायची तर ती पाळी बदलण्याच्या वेळेत किंवा वाहतूक थोडा वेळ थांबवूनच करावी लागते.

दुसरी अट पेटीच्या आतील रिकामेपणाची. आत कापूस, फोम किंवा उष्णतारोधक लोकरीसारखे आवाज पिणारे साहित्य असेल, तर आत शिरलेला परका आवाज पूर्ण बाहेर पडत नाही. मग यंत्राची ध्वनिशक्ती प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. पार्श्वभूमी फार मोठी असेल तर हिशेबात यंत्र आवाज करण्याऐवजी आवाज गिळते आहे, असा हास्यास्पद निष्कर्षही निघू शकतो.

तिसरी आणि सर्वांत सूक्ष्म अडचण दोन मायक्रोफोनांच्या जुळणीची. सारी मोजणी दोहोंपर्यंत लाट पोहोचण्यातील अल्पशा फरकावर उभी आहे. विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्यामुळे रोहित्रे १०० हर्ट्झवर गुणगुणतात. या वारंवारतेची लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते. १२ मिलिमीटरच्या ठोकळ्याने विलग केलेल्या दोन मायक्रोफोनांमध्ये तिचा कलाफरक जेमतेम सव्वा अंशाचा भरतो. मोकळ्या जागी, एकाच दिशेने येणाऱ्या आवाजात उपकरणाची स्वतःची ०.०५ अंशाची चूक त्यात दडून जाते. मात्र सर्व बाजूंनी आवाज येत असला की प्रवाह एकमेकांना छेदतात आणि निव्वळ कलाफरक एकदशांशावर, म्हणजे सुमारे ०.१३ अंशावर येतो. आता तीच ०.०५ अंशाची चूक चाळीस टक्क्यांची होते आणि आकडा दीड डेसिबलने चुकतो. पार्श्वभूमी मोजणीत थेट मिसळत नाही. ती उपकरणाच्या उणिवेला मोठे करून दाखविते.

म्हणूनच मानकाने एक पहारेकरी बसविला आहे. त्याच जागेवरील दाबाची पातळी आणि तीव्रतेची पातळी यांतील फरक प्रत्येक वेळी नोंदवायचा. हा फरक जितका मोठा, तितकी पार्श्वभूमी त्रासदायक. उपकरणाची स्वतःची अशीच एक मर्यादा प्रयोगशाळेत ठरविलेली असते. अभियांत्रिकी दर्जाच्या मोजणीसाठी जागेवरचा फरक त्या मर्यादेच्या किमान १० डेसिबल खाली असला पाहिजे, ढोबळ पाहणीसाठी ७ डेसिबल. पहिल्या अटीत उपकरणाच्या कलाचुकीचा वाटा अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो, दुसरीत सुमारे एका डेसिबलच्या. ज्या अहवालात हा निर्देशांक छापलेला नाही, त्या अहवालातील तीव्रतेच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. वाचकाला, न्यायालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळालाही विचारता येण्याजोगा हा अगदी सोपा प्रश्न आहे.

उपाय नाहीत असे नाही. खालच्या वारंवारतेसाठी ५० मिलिमीटरचा ठोकळा वापरता येतो; मग वरची मर्यादा सुमारे १,२५० हर्ट्झवर येते आणि त्यापुढे १२ मिलिमीटरचा लावावा लागतो. प्रोब यंत्राच्या अधिक जवळ नेता येतो. मधे तात्पुरता पडदा उभारता येतो. यासाठी वेळ आणि प्रशिक्षित हात लागतात. नुसते उपकरण विकत घेऊन काम होत नाही.

चंद्रपूरचे हवामानही आपला वाटा मागते. तीव्रतेच्या हिशेबात हवेची घनता येते. ४५ अंश सेल्सिअस तापमानात हवा २० अंशांच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी विरळ असते. उपकरणात तापमानाची नोंद बदलली नाही तर आकडा सुमारे एकतृतीयांश डेसिबलने कमी येतो. चूक लहान आहे. पण मे महिन्यातील मोजणीत ती विनाकारण राहू देण्याचेही कारण नाही. वाऱ्याचा त्रास त्याहून मोठा. झोत मायक्रोफोनवर आदळला की तो आवाज म्हणूनच नोंदला जातो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, तेव्हा दूरचा आवाज खाली वाकून लांबवर पोहोचतो. इरईच्या काठी थंडीत रेल्वेची शिट्टी जास्त स्पष्ट ऐकू येते, त्याचे कारण हेच. पार्श्वभूमी ऋतूगणिक बदलते, हे त्यातून लक्षात यावे.

गडचिरोलीचे उलटे चित्र

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न दुसऱ्या टोकाने उभा राहतो. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला. एटापल्ली, भामरागडच्या आतील टोल्यांवर वारा पडलेला असताना हिवाळ्याच्या रात्री एवढी शांतता असते की साधा मापक आपल्या मोजणीच्या खालच्या टोकाशी येऊन थांबतो. त्यापुढे त्याला स्वतःच्या परिपथाचाच आवाज ऐकू येऊ लागतो.

तरीही जंगल सदैव निःशब्द असते असे समजू नये. उन्हाळ्यात सिकाडांचा कर्कश सूर, पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे, सागाच्या पानांवर कोसळणारा पाऊस, यांमुळे आकडा सहज वर जातो. कीटकांचा हा सूर काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि माणसाच्या कानाला अनुसरून केलेली ए-भारित मोजणी नेमकी याच पट्ट्याला पुरेपूर वजन देते. पंख्याची वा पंपाची घरघर बरीच खाली असते. म्हणजे एकच एक आकडा घेतला तर जंगल गोंगाटी आणि यंत्र निरुपद्रवी ठरू शकते. वारंवारतांचे पट्टे वेगळे करून मांडले तरच कोण काय बोलतो ते कळते.

या जिल्ह्यात आता यंत्रे येत आहेत. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिज खाणीचे काम डिसेंबर २०१६मध्ये वाहने जाळली गेल्यानंतर थांबले होते. ते २०२१ साली पुन्हा सुरू झाले. त्यानंतरची काही वर्षे आलापल्ली-आष्टी मार्गावरील खनिजवाहू ट्रक हा लोकांच्या तक्रारींचा मुख्य विषय राहिला. २०२५मध्ये हेडरी ते चामोर्शी तालुक्यातील कोनसरी अशा खनिजवाहिनीचे उद्घाटन झाले. रस्त्यावरचा काही भार त्यामुळे कमी होणे अपेक्षित आहे. पण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने यात एक बदल दडलेला आहे. फिरता, अधूनमधून येणारा स्रोत जाऊन त्या जागी दळणयंत्रे आणि पंप असे एका जागी अहोरात्र चालणारे स्रोत येतात. ट्रकचा आवाज तीव्रता प्रोबच्या कक्षेबाहेरचा होता, पंपाचा आवाज मात्र अगदी त्याच्या आवाक्यातला आहे. मोजायचे ठरविले तर आता मोजता येईल.

मोजलेल्या आकड्याचे पुढे काय होणार, हा खरा प्रश्न. समजा, एखाद्या टोल्यावर रात्रीची पार्श्वभूमी ३० डेसिबल आहे आणि दूरच्या पंपाचा आवाज तेथे ४२ डेसिबल पोहोचतो. निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा ४५. कागदोपत्री सारे सुरळीत. तक्रारीसाठी तर आवाज ५५ वर जावा लागेल. प्रत्यक्षात त्या टोल्यावरील माणूस पार्श्वभूमीपेक्षा १२ डेसिबलने वर असलेला एकसुरी आवाज रात्रभर ऐकत असतो. हाच पंप दुर्गापूरच्या गजबजाटात ४२ डेसिबलने पोहोचला असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता. ब्रिटनमध्ये औद्योगिक आवाजासाठी वापरले जाणारे बीएस ४१४२ हे मानक नेमका हाच फरक पाहते. तेथे नव्वद टक्के वेळ ज्याच्या वर आवाज राहतो ती पातळी पार्श्वभूमी मानली जाते. यंत्राचा आवाज तिच्यापेक्षा सुमारे १० डेसिबल वा अधिक वर गेला, तर परिस्थितीनुसार तो गंभीर दुष्परिणामाचा संकेत समजला जातो. आपल्या तक्त्यात मर्यादा निरपेक्ष आहेत आणि चार प्रकारच्या परिसरांत जंगल हा प्रकारच नाही. शांतता क्षेत्र आहे, ते रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांच्या भोवतीचे.

यातून एक विपरीत न्याय निर्माण होतो. जेथे गोंगाट आधीच मोठा, तेथे नवा आवाज त्यात मिसळून सुटतो. जेथे शांतता मोठी, तेथे ती मर्यादेपर्यंत भरून टाकण्याची जणू मुभाच मिळते. आणि एकदा पहिला प्रकल्प उभा राहिला की दुसऱ्या प्रकल्पाच्या पर्यावरणीय अभ्यासात त्याचाच आवाज 'मूळ पार्श्वभूमी' म्हणून नोंदला जाऊ शकतो. पार्श्वभूमीची पातळी अशी पायरीपायरीने चढत जाते आणि कोणत्याही एका पायरीवर कोणी दोषी आढळत नाही. चंद्रपूरचे आजचे चित्र असेच घडत गेले. गडचिरोली त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी आहे.

करता येण्याजोगे

यावर उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. सर्वप्रथम, कोणत्याही ध्वनी अहवालात एकूण आकड्यासोबत पार्श्वभूमीची पातळी, मोजणीचा दिवस, वेळ, वारा आणि ऋतू यांची नोंद सक्तीची व्हावी. जंगल भागातील प्रकल्पांसाठी पार्श्वभूमी किमान तीन ऋतूंत आणि वारंवारतांच्या पट्ट्यांसह मोजली जावी, तीही पहिला बुलडोझर पोहोचण्याआधी. नंतर ती मोजता येत नाही.

दुसरे म्हणजे, मोठ्या स्थिर यंत्रांची ध्वनिशक्ती ती बसविल्यावर जागेवरच तीव्रता पद्धतीने ठरवावी आणि त्यासोबत क्षेत्रनिर्देशांक जाहीर करावेत. प्रकल्पाचा आवाज गावापर्यंत किती पोहोचेल याचे संगणकीय भाकीत याच आकड्यावर उभे असते. तो आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकातून उचलला असेल, तर पुढचे सारे गणित उसने ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालात शहरांच्या ध्वनिनकाशांवर भर दिला गेला आणि पुढे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या 'नीरी'मार्फत २७ शहरांचे ध्वनिनकाशे तयार करून घेतले. तोच अनुभव खाणी आणि वीज केंद्रांच्या पट्ट्याकडे वळविता येईल.

तिसरे, वीज केंद्राचे संच आणि सिमेंटच्या भट्ट्या वर्षातून केव्हातरी देखभालीसाठी बंद राहतातच. त्या काळात पार्श्वभूमी मोजण्याची सवय लावली तर वेगळा खर्च येत नाही. प्रोब आणि विश्लेषक महाग असतात हे खरे. पण चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. दोन्ही जिल्ह्यांसाठी एक सामाईक उपकरण आणि ते हाताळणारा प्रशिक्षित चमू एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. कारखान्यांच्या कामगारांनाही त्याचा उपयोग आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने अधिसूचित व्यवसायजन्य आजार आहे, आणि कानात बोळे घालण्यापेक्षा ओरडणारे यंत्र शोधून त्याला शांत करणे केव्हाही श्रेयस्कर.

चौथी गोष्ट कायद्याची. २००० सालच्या नियमांत वनक्षेत्र आणि वनालगतची वस्ती यांसाठी पार्श्वभूमीवर आधारलेली वेगळी मर्यादा आणण्याचा विचार केंद्राने करावयास हवा. ग्रामसभांनी जनसुनावणीत हा मुद्दा मांडायला हरकत नाही. किती डेसिबल, एवढेच विचारून थांबू नये. कशाच्या तुलनेत किती, असे विचारावे.

ध्वनिमापन हे शेवटी साक्ष घेण्याचे काम आहे. गर्दीत उभ्या असलेल्या साक्षीदाराला 'गोंगाट होता का' असे विचारले तर तो हो म्हणेल. 'कोणाचा होता' असे विचारले तर त्याला जवळून, नीट आणि दिशा पाहून ऐकावे लागेल. दुर्गापूरच्या रहिवाशाला आणि एटापल्लीच्या टोल्यावरील माणसाला हव्या असलेल्या उत्तराची वाट तेथूनच जाते. ती साधने आज उपलब्ध आहेत. ती वापरली गेली नाहीत, तर आवाज वाढत राहील आणि तो कोणाचा, याचे उत्तर मात्र पार्श्वभूमीतच हरवलेले असेल.